स्कारेचे सांधे

सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय टाकतो,
मग थांबतो,
जणू मागचे दोन दुसऱ्या कुणाचे आहेत
आणि त्यांचा होकार अजून यायचा आहे.
अकरा वर्षांचा स्कारे.
नाव मीच ठेवलं. बर्फावर रात्रीतून धरते
त्या कडक सायीचं नाव.
आता त्याचे सांधेच धरलेत.

अल्टात सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारी अर्धा सरेतो तोंड दाखवत नाही.
त्याच अंधारात सिग्नी डॉक्टरीणबाईंनी
एक्स-रे दिव्यावर धरला:
खुब्याची वाटी झिजलेली,
गुडघ्याच्या कडेला हाडाचे कोंब.
"हे बरं होत नाही," म्हणाल्या, "सांभाळायचं असतं."
हा शब्द मी आधी ऐकला होता,
टोरलेफच्या वेळी, दुसऱ्या दवाखान्यात.
तेव्हा त्याचा अर्थ तीन आठवडे होता.
म्हणून विचारलं, किती दिवस?
"दिवस नाहीत हो. वर्षं. पण रोजची."

औषधाच्या पिचकारीवर किलोच्या रेघा आहेत.
जेवणाबरोबर द्यायचं, रिकाम्या पोटी कधीच नाही.
मधूनमधून पायावरचे केस भादरून रक्त काढतात,
मूत्रपिंडं काय म्हणताहेत ते बघायला.
आणि चार किलो उतरवायचे.
चार किलो!
जन्मभर मी याला धावण्यासाठी चरबी चारली,
आता उकडलेला मासा तराजूत घालते,
आणि तो चाटून लख्ख केलेलं भांडं
पायाने माझ्याकडे सरकवतो.

ओद्वार आला. एका खिशात विलोची साल,
दुसऱ्यात स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्या.
"अर्धी दे, उड्या मारेल बघ."
गोळी त्याच्याच तळव्यावर परत ठेवली.
माणसाची ती गोळी कुत्र्याचं पोट जाळते.
साल तरी झाडाची आहे, म्हणाला.
सिग्नीबाईंना फोन केला:
या औषधाबरोबर तीही नको, पोटात दोघी भांडतील.
माशाचं तेल चालेल, मोजून.
शिंपल्यांची पूड? द्या हवी तर, आशा मात्र बेताची ठेवा.
ओद्वार रुसला नाही. कॉफी प्याला.
साल चुलीजवळ पडली आहे, वास बरा येतो.

लाकडी जमिनीवर त्याचे पाय फाकायचे,
म्हणून स्लेजवरची जुनी कांबळी कापली,
अंथरुणापासून दारापर्यंत अंथरली.
हजार किलोमीटरच्या शर्यती केलेली बाई मी,
आठ पावलांची वाट आखायला
मला अख्खा रविवार लागला.

रात्री ओटची पिशवी गरम करते,
आधी माझ्या मनगटावर, मग त्याच्या खुब्यावर.
माझी बोटं वाकडी, त्याची कंबर वाकडी.
चोळता चोळता कुणीतरी कण्हतं.
बहुतेक मीच.

पण इव्हेर नवी टोळी जुंपायला लागला
की स्कारे दाराशी जाऊन रडतो.
औषध त्याला कुठवर पोचणार?
काल मी खुंटीवरचा जुना पट्टा काढला.
त्याने स्वतःहून डोकं आत घातलं.
मागे काही जोडलं नव्हतं,
दोरी नुसती बर्फावर घासत आली.
थोडं थोडं चालवा, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा,
एकदम लांब नको, हे सांगून झालेलं होतं.
टपालपेटीशी मी म्हटलं, उजवीकडे. घरी.
तो उभा राहिला.
असाच एकदा उभा राहिला होता, पोर्सांगेरजवळ,
मी ओरडत होते, आणि पुढचा बर्फ पातळ होता.
तेव्हा त्याचं खरं होतं.
काल नव्हतं. पुढे फक्त रस्ता होता.
तरी मी डावीकडे वळले, त्याच्या मागून.

आज उठायला त्याला दोनऐवजी चार खेपा लागल्या.
वहीत लिहिलं:
बारा मिनिटं. जास्त झालं.
उद्या आठ.
पट्टा खुंटीवर नको, खाली ठेवावा,
त्याला दिसेल असा.